कवचावरून बिळाची खोली सांगता येते का? निकोल्सचा १९५९चा निबंध वाचताना

डेव्हिड निकोल्स या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाचा एक लांबलचक निबंध १९५९ साली रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये आला. विषय होता इंग्लंडच्या खडूच्या थरांत सापडणारा मायक्रास्टर नावाचा सी अर्चिन आणि काळानुसार त्याच्या कवचात होत गेलेले बदल. जीवाश्म आणि उत्क्रांतीवरच्या पुस्तकांत हा निबंध हमखास भेटतो, पण बहुतेक वेळा एका वाक्यात: मायक्रास्टर पिढ्यान्‌पिढ्या जास्त खोल बीळ करू लागला. माझी तक्रार या एका वाक्याबद्दल आहे. निबंध मात्र तुम्ही मुळातून वाचावा, आणि पेन्सिल घेऊन वाचावा, असा आहे.

समुद्रापासून सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर आत, संभाजीनगरात बसून बीळ करणाऱ्या समुद्री प्राण्यावर लिहिण्याचं काय कारण, असं तुमच्यातला कोणीतरी विचारणारच. कारण आहे. आपल्या पायाखालचा काळा दगड, म्हणजे दख्खनचा ट्रॅप, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच ट्रॅपखाली, वर नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाघ गावाच्या परिसरात समुद्रात साचलेली चुनखडी आहे. तिच्यात हेमिॲस्टर हा असाच गाळात राहणारा अर्चिन सापडतो. (बाघची लेणीही प्रसिद्ध आहेत. आपली अजिंठ्याची बेसॉल्टमध्ये कोरलेली, ती वालुकाश्मात.) म्हणजे निकोल्सचा प्रश्न आपल्यासाठी अगदीच परका नाही. हेमिॲस्टरवर सिनॉप्सिस लिहायला बसलेला कोणीही निकोल्सचा संदर्भ देईल. तो कसा द्यायचा, एवढाच माझा मुद्दा आहे.

आधी प्राणी समजून घेऊ. बी.एस्सी.ला कंटकचर्मी प्राणी शिकताना आपण गोल, काटेरी, खडकावरचा अर्चिन शिकतो आणि त्याच्या तोंडातल्या पाच दातांच्या यंत्राला 'ॲरिस्टॉटलचा कंदील' म्हणायचं हे पाठ करतो. पेटच्या बहुपर्यायी प्रश्नात तेवढं पुरतंही. पण गाळात राहणाऱ्या हृदयाकृती अर्चिनांना हा कंदीलच नसतो. दात नाहीत, चघळणं नाही. तोंडाखाली ओठासारखं पुढे आलेलं एक प्लेट असतं, तोंडाभोवतीचे नलिकापाद वाळूचे कण चिकटवून आत ढकलतात आणि प्राणी गाळच गिळतो. गाळातलं सेंद्रिय तेवढं पचतं, बाकी मागून बाहेर. गुदद्वारही गोल अर्चिनासारखं डोक्यावर नसून मागच्या टोकाला सरकलेलं. शरीराला पुढची-मागची बाजू आली, कारण आता हा प्राणी एका दिशेनं जातो.

या गटातला सगळ्यांत जास्त अभ्यासलेला म्हणजे एकायनोकार्डियम कॉर्डेटम. इंग्रजीत त्याला 'समुद्री बटाटा' म्हणतात. वाळून किनाऱ्यावर आलेलं त्याचं पांढुरकं, पातळ कवच पाहिलं की नाव पटतं. जिवंतपणी मात्र तो वाळूत कित्येक सेंटिमीटर खाली पुरलेला असतो. पोटाकडचे काटे टोकाला चमच्यासारखे चपटे, खणायला आणि पुढे सरकायला. पण खणणं हा त्यातला सोपा भाग. पुरून घेतलं की श्वास कसा घ्यायचा हा खरा प्रश्न.

त्याची सोय पाहण्यासारखी आहे. पाठीच्या पुढच्या भागातले काही नलिकापाद विलक्षण लांब होऊ शकतात, आणि त्यांच्या टोकाला झुबक्यासारखी चकती असते. ते वर वाळूतून पृष्ठभागापर्यंत पोचतात, चिकट श्लेष्मानं भोवतीची वाळू लिंपतात आणि एक अरुंद उभी नळी उघडी ठेवतात. गावाकडे आडाला बांधून घेतात ना, तसंच, फक्त बोटाहून बारीक. त्या नळीतून पाणी खाली ओढायचं काम कवचावरचे काही पट्टे करतात. त्यांना फॅसिओल म्हणतात. या पट्ट्यांवर दाटीनं बारीक काटे असतात, त्या काट्यांवर केसल, आणि केसलांच्या हालचालीनं प्रवाह तयार होतो. पाठीवरचे पानासारखे पसरट नलिकापाद त्या पाण्यातून ऑक्सिजन घेतात. वापरलेलं पाणी मागे, शेपटीकडच्या फॅसिओलच्या मदतीनं, दुसऱ्या आडव्या बोगद्यात सोडलं जातं. मोरीच म्हणा ना. या बिळात तो एकटाही नसतो. टेलिमाया फेरुजिनोसा नावाचा छोटा शिंपला त्याच्यासोबत राहतो.

आणि हे सगळं त्या प्राण्याच्या सोयीपुरतं राहत नाही. न्यूझीलंडमध्ये लोरर, थ्रश आणि गिब्ज यांनी समुद्रतळावरच्या काही चौकटींतले असे अर्चिन काढून पाहिले. त्यांचा २००४ साली 'नेचर'मध्ये आलेला निष्कर्ष असा की अर्चिनांच्या उलथापालथीमुळे तळावरच्या सूक्ष्म शैवालाची उत्पादकता वाढते. त्यामुळे ९ कोटी वर्षांपूर्वीचा अर्चिन किती खोल जात होता हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नाही. त्या काळचा समुद्रतळ किती ढवळला जात होता, गाळात ऑक्सिजन कुठवर पोचत होता, हे त्यावर अवलंबून आहे.

आता निकोल्स. त्याच्या आधी साठ वर्षं, १८९९ साली, आर्थर रो यांनी मायक्रास्टरवर निबंध लिहिला होता. रो हे मार्गेट या गावचे डॉक्टर, रुग्ण तपासणारे. सुट्टीत कड्यांवरून जीवाश्म गोळा करायचे आणि चिकटलेला खडू काढायला दंतवैद्याचं फिरतं यंत्र वापरायचे. त्यांचं मोठेपण संख्येत नाही, शिस्तीत आहे. कोणता नमुना कोणत्या थरातून आला याची काटेकोर नोंद ठेवून त्यांनी दाखवलं की थरानुसार कवच क्रमानं बदलत जातं. तोंड पुढे सरकतं, ओठ जास्त पुढे येतो, पाठीवरच्या पाकळ्या लांबतात आणि खोल होतात, कवचाचा सर्वांत उंच बिंदू मागे जातो. मात्र रो यांना हे बदल थर ओळखण्यासाठी हवे होते. ते का झाले, हे त्यांच्या निबंधाचं काम नव्हतं.

निकोल्सनं नेमका 'का' हाती घेतला, आणि त्यासाठी तो आधी जिवंत प्राण्याकडे गेला. माझ्या मते या निबंधातली सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट हीच. एकायनोकार्डियम, स्पॅटँगस अशा आजच्या अर्चिनांत कोणता नलिकापाद काय करतो, कोणता फॅसिओल कुठे पाणी ढकलतो, हे त्यानं पाहिलं. एकायनोकार्डियमच्या नलिकापादांच्या ऊतींवर आणि कामावर त्याचा वेगळा निबंध त्याच वर्षी आला. मग ती माहिती घेऊन तो खडूतल्या कवचांकडे वळला. निष्कर्ष दोन. मायक्रास्टरची मुख्य शाखा, लेस्केई ते कॉरटेस्ट्युडिनेरियम ते कॉरअँग्विनम, जास्त खोल पुरून राहण्याकडे गेली. आणि सेनोनेन्सिस ही बाजूची शाखा उलटीकडे, उथळ, बहुधा पूर्ण न झाकलेली. तिच्यात शेपटीकडचा फॅसिओल नसतो किंवा नावापुरता असतो.

आता पेन्सिल घ्या. या युक्तिवादात चार कड्या आहेत आणि त्या सारख्या मजबूत नाहीत.

पहिली कडी: जिवंत अर्चिनात अमुक अवयव तमुक काम करतो. ही भक्कम. प्रत्यक्ष पाहिलेलं आहे आणि आजही पुन्हा पाहता येतं. दुसरी कडी: कवचावर त्या अवयवाची खूण उरते. हीसुद्धा भक्कम, आणि सुंदर. प्रत्येक नलिकापाद कवचातून बाहेर येतो तिथे छिद्रांची जोडी असते. श्वसनाच्या नलिकापादाची छिद्रं लांबट, नळी बांधणाऱ्याची वेगळ्या धाटणीची. मांस कुजून गेलं, काटे गळून पडले, तरी छिद्रं मोजता येतात. मेलेल्या प्राण्याचे किती नलिकापाद कशासाठी होते हे कोट्यवधी वर्षांनंतर मोजता यावं, हे किती जीवाश्मांच्या बाबतीत शक्य आहे? म्हणून तर मी या गटाच्या प्रेमात आहे.

तिसऱ्या कडीपाशी पेन्सिल थांबायला हवी. आजच्या अर्चिनांत अमुक अवयव जास्त असले की प्राणी जास्त खोल असतो. पण हे किती जातींवरून? तुलनेला घेतलेल्या जाती मोजक्या, आणि त्यातल्या काही एकमेकींच्या जवळच्या नात्यातल्या. दोन चुलत भाऊ दोघेही उंच असले तर तो उंचीच्या कारणाचा दुहेरी पुरावा होत नाही, घराण्याचा एकच पुरावा होतो. १९५९मध्ये हा आक्षेप हिशेबात घ्यायची संख्याशास्त्रीय साधनं उपलब्ध नव्हती, तेव्हा निकोल्सला त्याबद्दल दोष देणं अन्यायाचं होईल. पण आज त्याचा संदर्भ देणाऱ्याला ही सवलत नाही.

चौथी कडी सगळ्यांत कच्ची. खडूत श्वसनाची छिद्रं वाढत गेली, म्हणून खोली वाढत गेली. छिद्रं वाढण्याची दुसरी कारणं नाहीत का? आकार वाढला तरी वाढतील. पाण्यात ऑक्सिजन कमी झाला तरी चालेल. आणि गाळ बारीक झाला तर? एकायनोकार्डियम कॉर्डेटम हा वाळूतला प्राणी, स्पॅटँगस पर्प्युरियस जाड, शिंपल्यांच्या चुऱ्याच्या गाळातला. दोन्हीकडे कणांमध्ये पाणी खेळतं. खडू म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायच्या चकत्यांचा चिखल. त्या चिखलात दोन सेंटिमीटर खाली श्वास घेणं वाळूत दहा सेंटिमीटर खाली घेण्याहून अवघड असू शकतं. मग वाढलेली छिद्रं 'खोली'बद्दल बोलतायत की 'गाळा'बद्दल, हे नुसत्या कवचावरून वेगळं काढता येत नाही. खडूत खोली स्वतंत्रपणे मोजायला बिळं दिसावी लागतील, आणि पांढऱ्या गाळातलं पांढऱ्या गाळानं भरलेलं बीळ दिसणं किती कठीण, याची कल्पना तुम्हीच करा. ज्या राशीबद्दल निष्कर्ष आहे तीच राशी त्या खडकात मोजलेली नाही. 'जास्त खोल बीळ' या अर्थावर नंतरच्या जीवाश्मशास्त्रज्ञांनी शंका घेतल्या त्या उगाच नाहीत.

निकोल्सनंतर आलेली दोन कामं शेजारी ठेवून वाचा, म्हणजे हा आक्षेप नुसता तोंडी राहणार नाही. १९६६ साली बुकॅनन यांनी नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावर एकाच जातीच्या, एकायनोकार्डियम कॉर्डेटमच्याच, दोन वस्त्या तपासल्या. एक किनाऱ्याजवळच्या वाळूतली, दुसरी खोल पाण्यातल्या बारीक, चिखलट वाळूतली. दुसरीकडचे अर्चिन हळू वाढत होते आणि त्यांच्यात जननग्रंथी तयारच होत नव्हत्या. जात एक, अधिवास दोन, आणि आयुष्यं इतकी वेगळी. या दोन वस्त्या खडकात एकावर एक दोन थर म्हणून सापडल्या असत्या, तर आपण तिथे 'उत्क्रांती' वाचली नसती कशावरून? (बाय द वे, जनुकीय अभ्यासानंतर कॉर्डेटम ही एकच जात मानणंही आता अवघड झालंय. एका नावाखाली अनेक वंश दडलेले निघाले. नॉर्थम्बरलँडच्या त्या दोन वस्त्यांबद्दल मात्र मी हे म्हणत नाही.)

दुसरं काम कानाझावा यांचं, १९९२चं. त्यांनी अनेक जातींचे जिवंत हृदयाकृती अर्चिन खणताना आणि चालताना पाहिले आणि कवचाच्या आकाराचा संबंध खणण्याच्या व पुढे सरकण्याच्या पद्धतीशी लावला. उंच बिंदू मागे गेला किंवा कवच पाचरीसारखं झालं, तर त्याचा अर्थ 'खोल' असाच असतो असं नाही. 'कसा सरकतो' हाही अर्थ असू शकतो. निकोल्सचा रस्ता त्यांनी सोडलेला नाही, जिवंत प्राण्याकडूनच सुरुवात केली. फक्त प्रश्न जास्त मोकळा ठेवला.

एवढं झाल्यावर आपल्या घरच्या हेमिॲस्टरकडे या. बाघच्या अर्चिनांवर पहिलं नाव मार्टिन डंकन यांचं, १८६५. त्यांनी अर्चिनांच्या आधारे हे थर सेनोमेनियन काळाचे ठरवले. पुढे प्रमथनाथ बोस यांनी १८८४मध्ये या खोऱ्याचं भूशास्त्र मांडलं. नोड्युलर चुनखडी, देवला-चिराखान मार्ल, कोरलाइन चुनखडी ही थरांची विभागणी त्यांची. मग आपले गो. वा. चिपळूणकर. बाघच्या अर्चिनांवर त्यांचे दोन निबंध १९३७ आणि १९३९ साली इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये आले. ते नंतर पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, काम करत होते. बडवे यांच्यासोबत त्यांनी बाघमधल्या जीवखुणांवर, म्हणजे खडकात उरलेल्या बिळांवर आणि मागांवर, १९७०च्या सुमारास निबंध लिहिले. आणि २०१०मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमचे अँड्र्यू स्मिथ यांनी बाघचे अर्चिन पुन्हा तपासून ते ट्युरोनियन काळातले, उथळ पाण्यातले ठरवले. म्हणजे साधारण ९ कोटी वर्षं. सुरुवातीच्या मायक्रास्टरचे जवळपास समकालीनच म्हणायचे.

या दीडशे वर्षांच्या कामाचा भर कशावर आहे पाहा: जाती कोणत्या आणि थर कोणत्या काळाचे. रो यांचा प्रश्न. तो पायाच आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. डंकनचं सेनोमेनियन स्मिथपर्यंत येताना ट्युरोनियन झालं, यावरूनच तो किती कष्टाचा आहे हे कळतं. मला त्रास होतो तो आपल्या पिढीच्या घाईचा. जातींची यादी करायची आणि शेवटच्या परिच्छेदात पर्यावरणाबद्दल एक वाक्य टाकायचं: 'हेमिॲस्टरला शेपटीकडचा फॅसिओल नाही, म्हणून तो उथळ बिळात राहत असे (निकोल्स, १९५९).' कंसात नाव आलं की वाक्याला वजन आल्यासारखं वाटतं. पण निकोल्सनं हेमिॲस्टरच्या बिळाची खोली मोजलेली नाही, आणि आपणही नाही.

त्या वाक्यात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त फसवतं. हेमिॲस्टरमध्ये पाठीच्या पाकळ्यांभोवतीचा एकच फॅसिओल असतो, शेपटीकडचा नसतो, हे बरोबर. मोरीचं काम करणारा पट्टा नाही, तर मोरीही बहुधा नसावी, इथवर मी यायला तयार आहे. पण मोरी नाही म्हणून किती सेंटिमीटर? त्यासाठी जिवंत नमुना कोणता घ्यायचा? हेमिॲस्टरच्या नात्यातले आजचे अर्चिन पाहायला गेलात तर हेमिॲस्टर एक्सपर्गिटस खोल समुद्राच्या चिखलात राहणारा. बाघचा समुद्र उथळ. नात्यानं जवळचा तो राहणीनं लांब, आणि राहणीनं जवळचा एकायनोकार्डियम नात्यानं लांब. दोघांपैकी कोणाकडून किती घ्यायचं, हे ठरवणं हाच खरं तर तुमच्या प्रबंधाचा एक धडा होऊ शकतो. आरआरसीपुढे कोणी विचारलं की 'यात नवीन काय?', तर हे उत्तर जातींच्या यादीपेक्षा जास्त टिकेल.

आणि बाघमध्ये एक सोय आहे. तिथे कवचंही आहेत आणि जीवखुणांवर झालेलं कामही. हृदयाकृती अर्चिन गाळातून जाताना मागे भरलेलं बीळ सोडतात, चंद्रकोरीसारख्या थरांनी भरलेलं. मोरीचा बोगदा एक असेल तर त्या खुणेला बायकॉर्डाइटिस म्हणतात, दोन असतील तर स्कोलिशिया. मोरी न करणाऱ्यानं कोणती खूण सोडली असेल? प्राणी एका निबंधात आणि बिळं दुसऱ्या निबंधात अशी वाटणी झालेली असते, तेव्हा हा प्रश्न दोघांच्या मधल्या फटीत पडून राहतो. तो उचलायचा तर मार्ल झिजून सुटं झालेलं कवच पिशवीत टाकून चालणार नाही. कवच थरात कसं बसलंय, पाठ वर की उलटं, हे जागेवर नोंदवायला हवं. उलटं असेल तर ते लाटेनं आलेलं, त्याच्यावरून बिळाचं काही सांगता येत नाही. त्याच थराचा तुकडा कापून पातळ काचपट्टी करायची आणि कण किती बारीक ते पाहायचं. मग छिद्रं मोजायची, आणि ती कवचाच्या लांबीच्या प्रमाणात मांडायची, नाहीतर मोठा अर्चिन नेहमीच 'खोल' निघेल.

यातल्या बहुतेक कामाला समुद्र लागत नाही. काचपट्टी करायची सोय भूशास्त्राच्या विभागात असते, आणि छिद्रं मोजायला साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप चालतो. मायक्रास्टरचं कवच हातात नसेल तर निकोल्सच्या निबंधातल्या आकृत्यांपासून सुरुवात करा. छिद्रं कुठली कशाची हे त्यावर ओळखता यायला लागलं की मग हेमिॲस्टरकडे वळा, आणि पाठीच्या पुढच्या खोबणीतली छिद्रं आधी बघा. नळी बांधणारे नलिकापाद असतील तर तिथेच असतील.